बुरकुंडांचं पोतं

त्या बुधवारी किझाया टटल मक्याच्या कोठारात पोत्याचं तोंड धरून उभी होती. तिचे वडील अ‍ॅब्सलम लाकडी मापानं दाणे ओतत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा तिसरा हंगाम होता. दक्षिणेच्या रिचमंडमधल्या सरकारचा हुकूम होता की पिकाचा दहावा वाटा लष्कराचा, आणि तो शेतकऱ्यानंच आठ मैलांवरच्या गोदामात नेऊन टाकायचा.

"पाद्र्याला जन्मात देवाचा दहावा वाटा दिला नाही मी," अ‍ॅब्सलम म्हणाले. "त्याचीच हाय लागली बघ."

"पाद्री निदान दारात येऊन मागायचा, बाबा."

"आणि जेवून जायचा! काकवीचा बुधला रिकामा व्हायचा तेव्हा तुझंच तोंड वाकडं व्हायचं."

दोघंही हसली.

सरकारच्या वाट्याची सात पोती शिवून झाली. अ‍ॅब्सलम बैलांना पाण्यावर घेऊन गेले, तेव्हा किझायानं त्यातलं एक उसवलं. त्यातला मका घरातल्या हातमागाखाली ओतून त्यावर गोधड्या टाकल्या. पोत्यात दाणे काढलेल्या कणसांची बुरकुंडं भरली, वर चार ओंजळी मका पसरला आणि तोंड पुन्हा शिवून टाकलं. मार्चमध्ये घरात काय शिजणार, हे सरकारला कुठं ठाऊक होतं?

सकाळी ते पोतं तिनंच गाडीत चढवलं. "तुमची कंबर जाईल, बाबा, सरा तुम्ही."

अ‍ॅब्सलम परतले ते मान खाली घालून. गोदामवाल्यानं चारचौघांत ते पोतं फाडलं होतं. टटलसारखा माणूससुद्धा शेवटी चोरच निघाला, असं कुणीतरी हसत म्हणालं होतं. भाजलेल्या मक्याच्या कॉफीला त्यांनी तोंडही लावलं नाही.

"हे कसं चुकलं माझं, किझी? डोळे गेले का डोकं?"

किझाया चूल सारखी करत राहिली. "होतं असं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला होता. तरी अ‍ॅब्सलम घरच्या वाट्यातलं एक भरलेलं पोतं घेऊन निघाले. नाव धुऊन काढायचं होतं. नदी ओलांडायच्या उतारावर लोंढा आला. बैल पलीकडे निघाले. अ‍ॅब्सलम दोन मैल खाली सापडले.

त्यानंतर भर दुपारी कोठारातून आवाज येऊ लागला. बुरकुंडं कुणीतरी उलथीपालथी करायचं. शिवण उसवल्यासारखा दोरा करकरायचा. मग ओळखीचं पुटपुटणं: हे कसं चुकलं माझं?

शेजारची ऑर्फा मीठ मागायला आली होती, तीही दारात थबकली.

"उंदीर असतील गं."

"उंदीर बोलतात का, ऑर्फाकाकू?"

"मग बोलणाऱ्याला उत्तर दे की! माझा नवरा गेल्यावर वर्षभर चुलीपाशी खोकायचा. एकदा चांगलं खडसावलं, तेव्हा गप्प झाला." आणि ऑर्फा मिठाविनाच लगबगीनं निघून गेली.

किझाया कोठारात शिरली. आत कुणी नव्हतं. बुरकुंडांचा ढीग मात्र हळूहळू सरकत होता. तिनं आपल्यामागं दार लावून घेतलं.

"बाबा, शोधू नका," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमचं काही चुकलं नव्हतं. ते पोतं मी भरलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी चुलीकडं तोंड केलं. आणि पावसात निघालात तेव्हा मी दारातच उभी होते, बाबा. तेव्हाही बोलले नाही."