मनोऱ्याचा वरचा मजला

हावड्याहून फेरीबोट सुटली की शरच्चंद्र गुर्जर कठड्याशी उभे राहत आणि पलीकडच्या मीरबाग घाटाचा मनोरा बघत. हा मनोरा कलकत्त्यात कुणाला ठाऊक नाही? कॅलेंडरांवर तो, बिस्किटाच्या डब्यांवर तो. नदीने त्याच्या एका कोपऱ्याखालची माती पोखरली होती आणि तो हळूहळू पाण्याकडे कलत चालला होता. तो पडू द्यायचा नाही, हे काम बांधकाम खात्याने गुर्जरांच्या गळ्यात घातलं होतं.

खात्यातल्या मोठ्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. वरचा मजला घड्याळासकट उतरवा, भार कमी होईल, उरलेला टिकेल. गुर्जर ऐकायला तयार नव्हते. पाया खालून भरून काढू, मनोरा आहे तसा अख्खा ठेवू, असं ते वर्षभर भांडत राहिले. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "दुर्गापूजेपर्यंत करून दाखवा. नाहीतर मी वरून हातोडा घालतो."

काम सावकाशीचं होतं. पायाखाली एकच खड्डा खणायचा, तो लागलीच काँक्रीटने भरायचा, ते घट्ट झालं की मग शेजारचा. उघडा खड्डा म्हणजे मनोऱ्याचा एक पाय हवेत. म्हणून तो कधी सबंध दिवस उघडा ठेवायचा नाही, हा गुर्जरांचाच नियम.

त्यांची बायको कालिंदी चैत्रात गेली. तेराव्यानंतर ते कामावर आले ते रोज येतच राहिले. घरी बसून करायचं काय? पूर्वी ते मजुरांची चौकशी करत, चहा पाजत. आता सांगायचं तेवढं सांगत आणि गप्प बसत.

नदीकडचा शेवटचा खड्डा सप्टेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी खणून झाला. हरिपद मिस्त्री त्या दिवशी दुपारीच निघून गेला होता. का, ते गुर्जरांनी विचारलं नाही. मातीकामाच्या टोळीकडून त्यांनी खड्डा पुरा करून घेतला, सकाळी काँक्रीट घालायचं म्हणाले आणि फेरी गाठली.

सकाळी येऊन बघतात तर घाटावर मंडप. आत हत्तीवर बसलेला विश्वकर्मा. त्याच्यापुढे फावडी, थाप्या, पहारी, हातगाड्या धुऊनपुसून मांडलेल्या, सगळ्यांना शेंदराचे टिळे. पाणी उपसायच्या पंपाला झेंडूचा हार. माणसं धुतलेल्या कपड्यांत, पोरं गच्च्यांवर पतंग उडवताहेत.

गुर्जर धावतच खड्ड्याशी गेले. भरती चढत होती आणि तळाला पाणी साचलं होतं. भिंतीच्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी मधोमध तडकली होती. भेग हलली की काच फुटते, एवढ्याचसाठी ती लावलेली.

"हरिपद! पंप सुरू कर!"

"आज?" हरिपदने कानांना हात लावले. "गुर्जरबाबू, पूजेला बसलेलं हत्यार आज उचलत नाहीत. उद्या हवं तर दोन दिवसांचं काम करतो."

"खड्डा उघडा आहे, हरिपद."

हरिपदने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पूजेच्या आदल्या दिवशी कुणी खड्डा उघडतं का हो? तुमच्याकडे विश्वकर्मा काय वेगळ्या दिवशी येतो?"

येत होताच. गुर्जरांच्या घरी हत्यारं पूजायची ती खंडेनवमीला. इथला हा दिवस कालिंदी लक्षात ठेवायची. शेजारच्या बंगाली बायकांकडून तिला कळायचं. आदल्या रात्री ती त्यांची मापाची टेप देवापुढे ठेवायची आणि सांगायची, "अहो, उद्या टेप मागू नका. आपला देव आणि इथला देव, दोघांशी बरं असू दे." इतकी वर्षं कलकत्त्यात काढून ही तारीख त्यांना स्वतःला कधी लक्षात ठेवावी लागली नव्हती.

"हुकूम करतो म्हटलं तर?"

"करा. पण हात कुणी लावणार नाही. मनोरा आज पडला तरी लोक म्हणतील, पूजा मोडली म्हणून पडला. मग माझ्याबरोबर कामाला कोण येईल?"

हे खरं होतं. गुर्जर पायरीवर बसले. पंप नाही, फावडं नाही. बांधावर रचलेली वाळूची पोती तेवढी पूजेतून सुटली होती.

"पोत्यांना टिळा लावलायस?"

"पोत्याला कोण टिळा लावतं?"

"मग हातानेच खड्डा बुजवू. पोती टाकू, विटांचे तुकडे टाकू, कोपरा घट्ट दाबून बसवू."

हरिपद बघतच राहिला. "बुजवायचा? बाबू, मग तिथे आत्ता काँक्रीट कुठलं घालता? वाळू काढून परत खणायचं. आणि दुर्गापूजा तोंडावर आली की निम्मी माणसं गावी."

"ठाऊक आहे."

"साहेब वरचा मजला पाडतील."

"ते पण ठाऊक आहे. चल, उचल."

गुर्जर चपला काढून आत उतरले. पाणी गुडघ्याला लागलं. पहिलं पोतं एकट्याने ओढताना त्यांचा पाय सरकला तेव्हा मंडपातून कुणीतरी ओरडलं, "अरे, म्हातारा मरेल!" आणि मग सगळेच धोतरं खोचून आले. हातोहात पोती येऊ लागली. एकजण म्हणाला, "विश्वकर्मा बघतोय रे, नीट रचा." लोक हसले. भरती पुरी चढली तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता. भेग सकाळी होती तेवढीच होती.

गुर्जरांनी चिखलाच्या हातांनीच घाटावरच्या चौकीतून साहेबांना फोन केला. चूक कुणाची ते सांगितलं आणि काय केलं तेही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुर्जर, आता तरी ऐका. वरचा मजला जाऊ द्या."

वर्षभर याच वाक्यावर ते चिडत होते. आज चिडण्याइतका जीव अंगात नव्हता. आणि भिजून उभं असताना त्यांच्या मनात आलं की कालिंदीच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं, थोडं गमावून बाकीचं ठेवता का म्हणून. डॉक्टरांकडे तसला पर्यायच नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "पण घड्याळ मी स्वतः उतरवीन. फोडून नाही."

"उतरवा."

बाहेर हरिपद केळीच्या पानावर खिचडी घेऊन उभा होता. "काय म्हणाले?"

"वरून काम सुरू करायचं." गुर्जरांनी पान घेतलं आणि ओल्या पायरीवर बसले. "उद्या बांबू मागव. लांब बघून घे, परांचीला वरपर्यंत पोचले पाहिजेत. आणि गावी जाणाऱ्यांना सांग, खणायचं काम आता दुर्गापूजेनंतर."

"आणि तुम्ही, बाबू? सुट्टीत घरी?"

"नाही. इथेच आहे," ते म्हणाले आणि खाऊ लागले.