विहिरीतल्याचे हात

सव्विसाव्या वर्षी आर्डिस टोलेफसनला हात काढता येत नसत. चेहरे यायचे, घोडे यायचे, घोड्यावर बसलेला चिलखतातला माणूसही एक वेळ जमायचा. पण बोटं काढायला गेली की गाजरांची जुडी व्हायची. म्हणून एका खेळाच्या राक्षसांच्या पुस्तकासाठी विहिरीतून वर येणारा प्राणी काढताना तिनं काठाशी शाईची बाटलीच ओतली म्हणा ना! नाचता येईना अंगण वाकडं, तसं हात येईनात म्हणून अंधार. अंधारातून वर आलं ते फक्त डोकं, वासलेलं तोंड आणि दोन डोळे.

आणि नेमकं तेच चित्र गाजलं. फासे टाकून खेळायचा तो खेळ तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या घराघराच्या तळघरात पोचला होता. खेळ चालवणारा पुस्तक उघडायचा, मजकुरावर तळहात ठेवायचा, कारण हा प्राणी कुठं मारला की मरतो हे कुणी वाचायचं नाही, आणि नुसतं चित्र पुढं करून म्हणायचा, "तुम्हाला हे दिसतंय." विहिरीतला दिसला की भल्याभल्यांची बोबडी वळायची. मग तलवारी, मग मशाली, मग जल्लोष. चाळीस वर्षं लोक त्याला मारत आले.

आर्डिस तो खेळ कधी खेळली नाही. तिला त्या चित्राची लाज वाटायची. पुढं तिनं एका बियाणे कंपनीच्या कॅटलॉगात भोपळे नि टोमॅटो रंगवत नोकरी काढली आणि उरलेल्या वेळात हात काढले. चीजच्या कारखान्यातल्या बायकांचे, चर्चच्या स्वयंपाकघरात पातेली घासणाऱ्यांचे, बर्फ उपसणाऱ्या शेजाऱ्याचे, शेवटी अंथरुणाला खिळलेल्या आईचे. आता हात हीच एक गोष्ट तिला खरी येत होती, आणि ते बघायला कुणी येत नव्हतं.

म्हणून कर्ट बुशमनचा फोन आला तेव्हा ती हरखली. कर्टनं तो जुना खेळ विकत घेतला होता आणि त्याची नवी आवृत्ती काढायच्या खटपटीत होता. म्हणाला, "मुखपृष्ठावर विहिरीतलाच हवा. तुमच्याच हातचा." अख्खा हिवाळा आर्डिस त्या चित्राशी बसली. कर्ट बघायला आला तेव्हा तिनं कॉफी केली, लिंबाच्या वड्या कापल्या, आणि चित्रावरची चादर ओढली.

कर्टनं हातातली वडी तशीच बशीत ठेवली. 

"रंग सुरेख आहेत हो," तो म्हणाला.

"पुढचं बोल."

"हा... हा काठाला धरून लोंबकळतोय."

"लोंबकळणारच. दगड ओले आहेत, घसरतोय बिचारा."

"पण तो आपल्याला पकडायला येतो ना!"

"तुला कुणी सांगितलं?"

"चित्रात दिसतंय की!"

"चित्रात काही दिसत नाही. मला हात येत नव्हते म्हणून दिसत नाही. तेव्हाही तो घसरतच होता. तोंड वासलंय ते हाका मारतोय म्हणून."

कर्ट मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं..."

"विहिरीत पडलेल्याला मारत आलात. शाब्बास!"

कर्ट हसला नाही. लोकांना हे नकोय, तो म्हणाला. लोकांना तेच काळंपांढरं, तीच थरथरती रेघ हवीय. तसंच पुन्हा काढाल का? "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आर्डिस. कशाला उघडता?"

"मूठ माझी आहे!" आर्डिस कडाडली. "दहा-बारा वर्षांचे होतात, तेव्हा आवडलं. आवडू दे की! तुमचं बारावं वरीस तुम्ही खुशाल जपा. पण म्हणून मी सव्विसाव्यातच बसून राहायचं? हा कुठला न्याय?"

"मग मी जुनंच चित्र छापतो," कर्ट खाली बघत म्हणाला. "हक्क माझ्याकडे आहेत. मार्चमधल्या खेळाडूंच्या जत्रेत सह्या करायला तरी याल ना? लोक तुम्हाला देवासारखं मानतात हो."

त्याची गाडी वळणाआड गेली आणि आर्डिस रागानं रडली. तिच्या नावावर जगात एकच चित्र राहणार होतं, आणि तेही तिला जे येत नव्हतं त्याचं! रडून झाल्यावर तिनं कर्टची उरलेली वडी खाल्ली आणि कपाटातून पांढऱ्या शाईची बाटली काढली.

मार्चमध्ये तळ्याकाठच्या हॉटेलात खेळाडूंची जत्रा भरली. आर्डिसच्या टेबलामागं नव्या मुखपृष्ठाचा पुरुषभर उंचीचा कापडी फलक टांगला होता: तोच अंधार, तेच डोकं. समोर जुनी पुस्तकं छातीशी धरून रांग उभी होती, सगळी पन्नाशीतली माणसं. आर्डिसनं बाटलीचं झाकण काढलं, बारीक टाक बुडवला आणि पहिल्याला सांगितलं, "सही हवी असेल तर हातही घ्यावे लागतील."

"कसले हात?"

"त्याचे. तेव्हा राहून गेले होते."

त्या माणसानं पुस्तक मागं ओढलं. "वेड लागलंय काय हिला," तो निघता निघता म्हणाला. त्याच्या मागचे दोघेही गेले. "आम्ही लहानपणापासून सांभाळलंय हो हे," एकजण कळवळून म्हणाला. "मग सांभाळ," आर्डिस म्हणाली. "पुढचा!"

पुढची होती शेली ऑस्ट, शाळेची बस चालवणारी, दर गुरुवारी वाचनालयात खेळ चालवणारी. तिनं पान उघडलं आणि सवयीनं मजकुरावर तळहात ठेवला. तिथला कागद इतक्या वर्षांच्या घामानं पिवळा पडला होता. "काढा," ती म्हणाली. "बघू तर खरं."

आर्डिसनं अंधारात पांढरी रेघ ओढली. आधी मनगट, मग ताणलेल्या शिरा, मग दगडाच्या फटीत रुतलेली बोटं, एक नख उपटलेलं. रांग मोडून लोक टेबलाभोवती वाकले.

"अगं बाई," शेली म्हणाली. "हा तर पडतोय."

"हो ना."

"माझ्या भावानं याला जाळलंय, बुडवलंय, तेल ओतलंय अंगावर." ती पुस्तकाकडं बघतच राहिली. "गुरुवारी दाखवतेच त्यांना. बघू कोण तलवार उपसतो नि कोण दोर टाकतो."

त्यानंतर रांग वाढली. रुसून गेलेल्या त्या दोघांपैकी एक कुरकुरत परत आला. तेवढ्यात कर्ट धावत आला.

"अहो, काय मांडलंय हे! पुस्तकं खराब करताय लोकांची!"

"खराब नाही करत. पुरी करतेय."

"लोक जुन्यासाठी आलेत!"

"जुनीच बाई बसलीय की समोर. बाजूला हो, उजेड अडतोय."

तो बाजूला झाला, पण गेला नाही. रांग संपल्यावर त्यानं स्वतःचं पुस्तक टेबलावर ठेवलं. पाठीला चिकटपट्टी, कोपरे कुरतडलेले.

"सही करा. हात नकोत."

"तसं नाही मिळत."

"आर्डिस, ऐका ना." कर्टनं विहिरीचं पान उघडलं. "दहा वर्षांचा होतो. वर स्वयंपाकघरात आई-बाबा भांडायचे, बशा फुटायच्या. खाली तळघरात मी. हा विहिरीतून यायचा आणि मी याला हरवायचो. त्या वर्षी मला हरवता आलं ते एवढ्या एकालाच. आणि तुम्ही म्हणता, तो नुसता घसरत होता. मग मी हरवलं कुणाला?"

आर्डिसचा टाक हवेतच थांबला. तिला एकदम भरून आलं, आणि त्याचा रागही आला. तिनं पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडं सरकवलं.

"घेऊन जा. याला मी हात लावणार नाही."

"आणि सही?"

"सही नाही. माझी सही माझ्या चित्रावर. हे तुझं आहे."

"काय हट्टी बाई आहात हो तुम्ही!"

"आणि तू रे?"

कर्टनं पुस्तक काखेत घेतलं. आर्डिस मागं वळून त्या उंच फलकाकडं बघत होती. मग ती वाकली आणि पिशवीच्या तळातून जाड कुंचला नि पांढऱ्या रंगाचा डबा काढला. ते काही चुकून आलेलं सामान नव्हतं.

"अहो, नाही. नाही हं! मुखपृष्ठ तसंच छापायला गेलंय! उद्या सगळे फोटो काढतील त्याच्यासमोर!"

"काढू देत. हे मात्र माझं आहे," आर्डिस म्हणाली आणि घडीची खुर्ची ओढून तिच्यावर चढली. खुर्ची करकरली, एका अंगाला कलली.

"पडाल, आर्डिस! उतरा खाली!" कर्टनं पुस्तक टेबलावर टाकलं आणि धावत येऊन दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली. त्याची बोटं पांढरी पडली.

आर्डिसनं वरून खाली पाहिलं, नीट निरखून पाहिलं आणि कुंचला रंगात बुडवला.

"अस्संच धर," ती म्हणाली. "आणि बोटं हलवू नकोस. बघून काढतेय मी."