गाण्यातली थांबायची जागा

तुमच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उरलेले दातही पाडून घेईन, तीन का होईनात.

दोघी बहिणी. थोरली लग्न करून परमुलखात गेली, धाकटी आईजवळ राहिली. थोरलीला तिकडं इस्पितळाच्या लाँड्रीत काम लागलं. चादरी इतक्या, की समुद्राला पांघरूण घालून वर उशीचे अभ्रे उरतील. आता मोठ्या चादरीची घडी काही एकटीला होत नाही. एक टोक थोरलीच्या हातात, दुसरं समोरच्या उंच बाईच्या. ती बाई तिसऱ्याच देशाची. एकमेकींचं अवाक्षर कळायचं नाही, पण घडी अशी पडायची की माशी घसरून पडावी.

थोरलीच्या लेकीला मुलगी झाली आणि पंचाईत तिथंच झाली. दोघींच्या आईच्या घरात बाळ झोपवायचं गाणं एकच, आणि ते गायला दोघी लागायच्या. थोरलीनं विचारायचं, "कुठं गं होतीस इतका वेळ?" धाकटीनं थाप ठोकायची, "वाऱ्याची वेणी घालत होते." पुन्हा तोच सवाल, पुन्हा नवी थाप. लहानपणापासूनची वाटणी. थोरलीकडं नुसते सवाल आले होते. थापा तिला जन्मात जमल्या नाहीत. नवऱ्याला साधी लोणकढी मारायची तरी बिचारीचे कान लाल व्हायचे. आणि नात तर अर्ध्या गाण्यावर झोपेना.

मग फोन लावायचा. थोरलीचा सवाल समुद्राखालून पोहत जायचा, वाटेत माशांशी गप्पा छाटत. तिकडून थाप निघायची, तीही तशीच रमतगमत यायची. मधे फोन मुका. सुरुवातीला दोघींचे आवाज एकमेकींवर आदळायचे, दोघी वैतागायच्या. मग थोरली थांबायला शिकली. विचारायचं, नातीला थोपटत राहायचं, वाट बघायची. धाकटी चिडवायची, की तुझं मराठी अजून आईच्या ट्रंकेतलं आहे, इकडं असं आता कुणी बोलत नाही. थोरली म्हणायची, मग ये आणि नवं शिकव. फोन ठेवताना ठरलेलं विचारणं, कधी येतेस? येते गं, आईला जरा बरं वाटू दे. आई गेली, मग धाकटीचा गुडघा निघाला. गुडघ्यानंतर आणखी काही.

हळूहळू ती गप्प जागा गाण्यातच राहायला आली. लाँड्रीत थोरली गुणगुणायची, सवालानंतर थांबायची, आणि तेवढ्यात उंच बाई चादर ताणून दुसरी घडी घालायची. पुढं पुढं तीही तिच्या भाषेत काहीबाही उत्तर द्यायला लागली. काय म्हणायची देव जाणे. थापच असणार, कारण स्वतःच हसायची.

नात बोलायला लागली, अर्धं आजीचं, अर्धं पाळणाघरातलं. बाहुलीला मांडीवर घेऊन विचारायची, "कुठं गं होतीस?" आणि ओठावर बोट ठेवून गप्प बसायची.

आणि एका रविवारी दुपारी धाकटी आली. दारात बॅग टेकवली, चपला काढल्या, दुखरा गुडघा चोळत पलंगाच्या कडेला बसली. नातीला थोपटताना थोरलीच्या तोंडातून आपसूक तेच निघालं, "कुठं गं होतीस इतका वेळ?"

शब्द संपतोय न संपतोय तोच उत्तर. "तुझ्याकडं यायचा रस्ता शिवत होते."

नात ताडकन उठून बसली. "मावशीआजी, थांब. आधी थांबायचं असतं."

"का गं बाई?"

"गाणंच तसं आहे."

धाकटी हसत सुटली. थोरलीला हसू येईना. तिला ते पटकन आलेलं उत्तर पुन्हा हवं होतं, आत्ताच्या आत्ता, पाठोपाठ, कितीही वेळा. पण नातीनं तिच्याकडून पुन्हा सवाल म्हणून घेतला आणि दोघींना गप्प बसवलं. दोघी म्हाताऱ्या बसल्या वाट बघत, बघायला काही उरलं नव्हतं तरी.

आता एक सांगते, रागावू नका. धाकटी आली, एवढं पदरचं घातलं. बॅग, चपला, सगळं माझंच. ती आलीच नाही. त्या रविवारी फोन काय तो इतका स्वच्छ लागला, की उत्तर वाटेत न रेंगाळता अगदी कानाशीच आलं. थोरलीनं मान वळवून दाराकडं बघितलं, ते मात्र खरं.