झिजलेली बोटं

मी हॉटेलात भांडी घासते. ताटंवाट्या नाही हो, त्या मशीनमध्ये जातात. माझ्या वाट्याला येतात तळाशी करपलेली पातेली, तारेची घासणी, कढत पाणी आणि ते नाक जाळणारं औषध. या परक्या देशात राहायचा परवाना मला याच कामावर मिळालाय. काम सुटलं की परवाना गेला, आणि माझ्यापाठोपाठ आमचे हेही गेले.

त्याच कामाने माझ्या बोटांवरच्या रेघा पुसून टाकल्या. लेकीला कायमचं इकडे आणायचं तर आम्हा नवराबायकोच्या बोटांचे ठसे हवेत, तेही दोघांचे एकाच दिवशी. हे रात्रपाळीचे वॉचमन, ह्यांची बोटं मशीनने झटक्यात घेतली. माझी काही केल्या उमटेनात. कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली, हातांना आराम द्या आणि दोघं पुन्हा या. म्हटलं, आमचं हातावरचं पोट, आराम कुठून आणू? तिने पुढच्याला बोलावलं.

नवी तारीख मिळाली ती लेकीच्या वाढदिवसाच्या अगदी तोंडावरची. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या हिशेबात ती आमचं मूल राहत नाही. वा रे कायदा! पोटची पोर, आणि एका वाढदिवसात परकी. आणि ती? तिकडे माझ्या भावाकडे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली. आता जायचंच आहे म्हणून आपली लाडकी सायकल मामाच्या धाकटीला देऊनसुद्धा मोकळी झाली. मी फोनवर तिला झापलं, आधी इथलं होऊ तर दे.

ह्यांनी मात्र फर्मान काढलं, आजपासून तू पाण्याला हात लावायचा नाहीस. उभ्या संसारात चहाचा कप न विसळलेला माणूस रात्रपाळी संपवून माझ्याबरोबर हॉटेलात यायला लागला. हजेरी मी लावायची आणि स्टुलावर बसायचं, पातेली ह्यांनी घासायची. मॅनेजरचं काय, पातेलं चकचकीत झालं म्हणजे झालं. सुरुवातीला ह्यांच्या हातचं पातेलं बघवत नव्हतं. पुढे चांगला हात बसला. हातमोजे घाला म्हटलं तर म्हणायचे, निसटतं. तू तरी कधी घातलेस? मी आपली बोटांना तेल चोळत राणीसारखी बसलेली.

एकदा ह्यांचा फोन बोट लावून उघडेना. पुसला, आपटला, दोन शिव्या घातल्या. "जुना झालाय," म्हणाले, आणि नंबर दाबून उघडायला लागले. मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे नवे राहिलात. दोघंही हसलो. अक्कल कुठे शेण खायला गेली होती आमची, देव जाणे.

तारखेला गेलो. माझी दहाच्या दहा बोटं उमटली. ती बाईसुद्धा हसली, तिला आशीर्वाद द्यायचाच बाकी होता. मग ह्यांनी हात ठेवला. लाल दिवा. हात पुसून ठेवला, पुन्हा लाल. तिने ह्यांचा तळवा उजेडात धरला आणि काय काम करता म्हणून विचारलं.

"वॉचमन," हे म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

माझं डोकंच सटकलं. ह्यांचे मागचे ठसे आहेत की तुमच्याकडे, माझे आजचे घ्या आणि जोडा, म्हणून काचेवर हात आपटला. दोघांचे एकाच दिवशी, नियम आहे, ती म्हणाली. हातांना आराम द्या. पुढची तारीख वाढदिवसानंतरची होती. मी भांडत राहिले, शेवटी ह्यांनीच मला दंडाला धरून बाहेर आणलं.

खोलीवर येऊन हे नळासमोर आपली बोटं बघत उभे राहिले. ह्यांच्यावर तरी कसं ओरडू? तेवढ्यात लेकीचा फोन आला. मशीनने बोटं घेतली का, एवढंच तिने विचारलं.

"बाळा," मी म्हटलं, "धाकटीकडून सायकल परत मागून घे."