चार कॉर्न डॉग आणि एक कार्ड

शुक्रवारी सकाळी पाच चाळीसला आर्लिस होल्मग्रेनने तेल तापत ठेवलं. आठच्या आत चार कॉर्न डॉगची थाळी आणि हाताने लिहिलेलं पाककृतीचं कार्ड जत्रेतल्या पाककला स्पर्धेच्या दालनात पोचवायचं होतं. थाळीची तिला फिकीर नव्हती.

ब्रँडल काउंटीच्या जत्रेत होल्मग्रेनांचा कॉर्न डॉगचा, म्हणजे मक्याच्या पिठात बुडवून तळलेल्या काडीवरच्या सॉसेजचा, स्टॉल सव्वीस वर्षं आहे. पीठ आर्लिस भिजवायची, तळायचा तिचा नवरा डेल. घटस्फोटात स्टॉलची गाडी डेलला मिळाली. एप्रिलमध्ये त्याने ती नव्याने रंगवून घेतली. पूर्वी जिथे आर्लिसचं नाव होतं, तिथे आता त्याच्या नव्या बायकोचं, शेरीचं हसरं चित्र आहे आणि खाली ओळ: ‘डेलच्या आईची गुप्त पाककृती’. डेलच्या आईला अंडंही नीट तळता येत नसे.

आर्लिसने सॉसेज कागदाने टिपून कोरडे केले, मक्याच्या स्टार्चमध्ये लोळवले, काड्या खोचल्या. ओल्या सॉसेजवरून पीठ घसरतं. पीठ उंच पेल्यात ओतून एकेक सॉसेज त्यात बुडवला, फिरवत वर काढला आणि काडी हातात धरूनच तेलात सोडला. वरचा थर धरेपर्यंत काडी सोडायची नाही, नाहीतर कॉर्न डॉग तळाला चिकटतो.

तिसरा तळत असताना मुलगी मार्नी मागच्या दाराने आली. ती एकोणतीस वर्षांची, बापाच्या स्टॉलवर काम करते. टेबलावरचं कार्ड तिने उभ्यानेच वाचलं.

“मॉम, हे तू लावणार?”

“नियम आहे. कार्डाशिवाय थाळी घेत नाहीत.”

“तयार पिठाचा खोका, दुकानातला. पाण्याऐवजी काकडीच्या लोणच्याच्या बरणीतलं खारं पाणी. संपलं? सव्वीस वर्षं लोक यासाठी रांगेत उभे राहिले?”

“खारं पाणी माझी अक्कल होती. खोका घाईत उचलला होता. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस.”

“डॅड पुढच्या वर्षी स्टॉल माझ्या नावावर करणार आहे,” मार्नी म्हणाली. “शेरीच्या नाही, माझ्या. हे लागलं तर मी काय विकू?”

आर्लिसने तिसरा उलटवला. “हे त्याने तुला कधी सांगितलं?”

“मंगळवारी.”

“आणि मी भाग घेतल्याची यादी लागली सोमवारी,” आर्लिस म्हणाली. “काडी धर, मला चौथा बुडवायचाय.”

मार्नीने काडी धरली नाही. ती निघून गेली.

पावणेआठला दालनाच्या प्रमुख फर्न विटकॉफ यांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा वाचलं. दोघी एकाच चर्चमध्ये जातात.

“तयार पीठ चालत नाही, आर्लिस. थाळी बाद होणार, तुला ठाऊक आहे.”

“बाद झालेल्या थाळीचं कार्ड कुठे जातं?”

“कुठे जाणार? थाळीशेजारीच फळ्यावर टाचलेलं राहतं, रविवार संध्याकाळपर्यंत. बाद का झाली ते लोकांना कळावं म्हणून.”

“मग टाच.”

फर्नने टाचण्या घेतल्या, पण लावल्या नाहीत. “डेलबरोबर तुझंही नाव जाईल, बाई. लोक तुझ्या पिठाची शपथ घ्यायचे.”

“माझं नाव एप्रिलमध्येच गेलं. रंगाचे दोन हात दिले त्यावर.”

कार्ड चार टाचण्यांनी लागलं. शुक्रवारी दालनात फारसं कोणी फिरकत नाही, खरी गर्दी शनिवारची. तरी बारा वाजता डेल आला. स्टॉलवरची कागदी टोपी डोक्यावर तशीच होती. त्याने कार्ड वाचलं, मग खुर्चीवर बसलेल्या आर्लिसकडे पाहिलं.

“पोरीचं वाटोळं करतेयस.”

“तुझ्या आईला विचार ना, डेल. तिच्याकडे दुसरी एखादी गुप्त पाककृती असेल.”

बाजूच्या जॅमच्या बरण्यांपाशी कोणीतरी खुदकन हसलं. डेलने टोपी काढली, हातात चुरगाळली आणि गेला.

दुपारी चारला आर्लिस कॉफी घेऊन परतली, तेव्हा फळ्यावर चार भोकं होती. कार्ड नव्हतं. टाचण्या टेबलावर ओळीने नीट मांडून ठेवलेल्या होत्या. फर्न तेव्हा भोपळ्यांच्या वजनात गुंतली होती. तिने कोणाला पाहिलं नाही.

डेल काहीही उपटताना टाचण्या मांडून ठेवणाऱ्यातला नाही, हे दोघींनाही माहीत होतं. स्टॉलवर काड्याही मार्नी अशाच ओळीने मांडायची.

“उद्या आठपर्यंत दुसरं कार्ड देता येईल,” फर्न म्हणाली. “पण ताजी थाळी लागेल. थाळीशिवाय नुसतं कार्ड लावत नाही.”

शनिवारी सकाळी सात वाजता आर्लिसच्या स्वयंपाकघरात तेल तापलेलं होतं. चार सॉसेज टिपून, काड्या खोचून तयार होते. पेल्यात पीठ होतं. टेबलावर कार्ड होतं आणि त्यावर पेन. कार्डावर अजून काही लिहिलेलं नव्हतं.