कवेलूवरचा कोंबडा

रुख्मा माहेरी आली ती पौषात, धानाची चुरणी आटोपून कोठ्या भरल्यावर. तिरोड्याहून बैलबंडीत बसून चोरखमाऱ्याच्या तळ्याखालच्या आपल्या गावी पोचेस्तोवर तिची हाडं खिळखिळी झाली होती. पण मनात एकच घोळत होतं, की आता दोन्ही भाऊ बंडीपाशी येतील, थोरला गाठोडं उतरवून घेईल आणि धाकटा तिच्या लठ्ठपणावर काहीतरी बोलेल.

दोघं आले खरे. थोरल्या मनिरामनं गाठोडं उचललं आणि म्हणाला, "रुख्मे, त्याले सांग, बैलं सोड म्हना."

'त्याले' म्हणजे कवडूला. कवडू तिथंच, हातभर अंतरावर, बैलांच्या मानेवरचं जू उतरवत होता. तो म्हणाला, "रुख्मे, त्याइले सांग, सोडूनच राहिलो म्हना."

रुख्मानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "तुमच्या कानाले काही झालं का गा दोघाच्या?"

ओसरीवर बसलेल्या आईनं, देवकाबाईनं, कपाळावर हात मारून घेतला. "कानाले नाई झालं वो, डोस्क्याले झालं. दिवाळीपासून असंच चालून राहिलं आहे."

सगळी हकीकत रुख्माला कवडूच्या बायकोकडून, नंदाबाईकडून कळली. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाच-सोंगांची दंडार उभी राहिली होती. कवडू दंडारीतला हौशी गडी. यंदा त्यानं एका पाटलाचं सोंग घेतलं. हा पाटील पोट पुढे काढून, हात पाठीमागे बांधून चालायचा, बोलण्याआधी दोनदा खाकरायचा आणि दर वाक्याला "समजलं का नाई?" असं विचारून, समोरच्याला समजायच्या आत पुढे निघून जायचा. माणसं हसून हसून लोळली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो मनिराम. स्वतःच्या मांडीवर थापा, शेजारच्याच्या पाठीत गुद्दे. "असे लोकं असतेत बरं दुनियेत!" असंही तो चार जणांना सांगून आला.

दुसऱ्या दिवशी दाढी करता करता बकाराम न्हावी कौतुकानं बोलून गेला, "काई म्हना भाऊ, कवडूनं तुमची चाल हुबेहूब उचलली."

मनिराम एका गालाला साबण तसाच ठेवून उठला. तशा अर्ध्या दाढीनिशी घरी येऊन कवडूपुढे उभा राहिला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "मी असा आहो का? समजलं का नाई?"

कवडूनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. तिथून बोलणं बंद.

"अन् भासऱ्याइले खरंच कळलं नवतं," नंदाबाई थोरल्या दिराचं नाव न घेता, पदरात तोंड खुपसून म्हणाली. "आम्ही साऱ्या बाया तिथंच मेलो भेवानं. म्हटलं आता कळते, मंग कळते. तं ते हसूनच राहिले."

त्या दिवशी देवकाबाईनं लेकीला जवळ बसवलं. "रुख्मे, लहानपनी तू दिवसभर खेळ काढत होतीस. चिंचोक्याचे, गोट्याचे, कायकाय. आता एखादा काढ माय. या दोघाइले एका जागी बसव. नाईतं मी मरंन अन् हे दोघं खांदा देता देता मलेच सांगतीन, 'माय, त्याले सांग, जरा खाली धर.'"

रुख्माला खेळ काढायला सांगणं म्हणजे बैलाला चाऱ्याकडे वळवणं. सासरी कुणी हसलं, की कामं टाकून बसले म्हणून सासू चूल विझली का ते पाहायला उठायची. खेळासाठी रुख्माचे हात नुसते शिवशिवत होते. तिनं दुपारी परसातली रिकामी गाडगी गोळा केली. एकात चिंचोके टाकले, एकात धान, एकात मोहाच्या बिया, आणि एकात थोरल्या वहिनीच्या, शकुंतलाबाईच्या, कमरेच्या किल्ल्या तिला न सांगता टाकल्या. वरून फडकी बांधली. दिवा लागल्यावर सगळ्यांना ओसरीवर बसवून ती गाडगं हलवायला लागली. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं.

मनिराम म्हणाला, "हे लेकराइचे खेळ. मले काम आहे," आणि सगळ्यांकडे पाठ करून दोर वळत बसला. चिंचोक्यांचं गाडगं वाजलं. सगळे विचारात पडले. मनिरामचा दोर थांबला.

"चिंचोके," तो भिंतीला म्हणाला.

पुढचं गाडगं वाजायच्या आत तो दोरासकट वळून बसला होता. मनिरामला एखादी गोष्ट ठाऊक नसणं सोसत नसे, आणि दुसऱ्या कुणाला आधी ठाऊक होणं तर मुळीच नाही. कवडूची तीच गत. चांगला अर्धा तास दोघं भाऊ त्या गाडग्यांवर डोळे लावून बसले. पण बोलणं? मनिराम उत्तर शकुंतलाबाईच्या कानात सांगायचा, कवडू नंदाबाईच्या, आणि ओरडायच्या त्या दोघी.

शेवटी किल्ल्यांचं गाडगं आलं. मनिरामनं कान टवकारले. "बैलाची घुंगरं," असं त्यानं बायकोच्या कानात सांगितलं. तिकडून नंदाबाई ओरडली, "वहिनीच्या किल्ल्या!"

शकुंतलाबाईनं कमर चाचपली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं दोर पुन्हा हातात घेतला. "वीस वर्सं या किल्ल्या माह्या कमरेले वाजून राहिल्या. भाऊजीले कळल्या. अन् याइले म्हने बैल!"

म्हणजे पहिल्या खेळानं भावांचं बोलणं तर झालं नाहीच, उलट नवरा-बायकोचं बंद पडायची वेळ आली.

रुख्मा हार मानणारी नव्हती. तिच्या लक्षात आलं, की खोट कानात सांगण्यात आहे. दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्यामागे पडलेली फुटकी कवेलं, छपरावरची कौलं, आणली, दगडानं ठोकून त्यांचे तळहाताएवढे तुकडे केले, आणि चुन्यात काडी बुडवून एकेका तुकड्यावर एकेक चित्र काढलं. घरात वाचता येणारी ती एकटीच, म्हणून अक्षरं नकोत, चित्रंच बरी. मडक्यातून एक तुकडा काढायचा, त्यावरच्या चित्राचं सोंग करून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी ओळखायचं.

दिवेलागणीला तिनं उकडलेल्या वालाच्या शेंगांची टोपली मध्ये ठेवली आणि नियम सांगितले. "सोंग करनारा बोलनार नाई. नुसती मान हालवंन. अन् उत्तर त्यालेच सांगाचं, सरळ तोंडावर. बायकोच्या कानात जो बोलंन, त्याले शेंगा नाई."

पहिली पाळी शकुंतलाबाईची. तिनं तुकडा पाहिला, उलटा धरला, सुलटा धरला, मग जमिनीवर आडवी पडून घोरायला लागली.

"खाट!" सगळे ओरडले. शकुंतलाबाईनं मान हलवली आणि समाधानानं उठून बसली.

"वहिनी, तो बैल होता!" रुख्मा कळवळून म्हणाली.

"बैल? मंग याचे शिंगं कुठी आहेत?"

"हे काय."

"मले वाटलं उशी आहे."

आता कवडूची पाळी. तो उठला तशी नंदाबाईनं डोळे मिटून घेतले. पण कवडूच्या वाट्याला माकड आलं होतं. त्यानं चार उड्या मारल्या, आईच्या डोक्यातली ऊ काढून खाल्ली आणि मुकाट्यानं खाली बसला. देवकाबाईनं ओळखलं. मनिराम खांबाकडे पाहून म्हणाला, "ठीक आहे."

मग रुख्मानं मडकं मनिरामपुढे धरलं. "मले नाई जमत," तो म्हणाला.

"राहू दे बाई," शकुंतलाबाई म्हणाली. किल्ल्यांचा राग अजून गेला नव्हता. "घुंगरं अन् किल्ल्या समजत नाई, ते सोंग का करतीन?"

मनिरामनं मडक्यात हात घातला. तुकडा कंदिलाजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला, मुठीत दाबला आणि दाराबाहेर गेला.

आत आला तो मनिराम नव्हताच. पाठीमागचे हात सुटले होते, पोट आत गेलं होतं, मान एका बाजूला कलली होती. खांद्यावरचं फडकं त्यानं झटकलं, केसांतून डावा हात फिरवला, दोन पावलं चालला आणि कुणी पाहतंय का म्हणून मागे वळून पाहिलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा मागे. पितळी लोटा दिसताच वाकून त्यात तोंड पाहिलं, मिशीचं टोक वर केलं. मग बसायच्या जागेवर तीनदा फुंकर मारली आणि नवरदेवासारखा बसला.

शकुंतलाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. नंदाबाईनं भासऱ्यासमोर हसायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलं, पण तिचे खांदे गदगदत होते. घरातल्या सगळ्यांनी ओळखलं होतं. एकटा कवडू सोडून.

"कोंबडा!" कवडू ओरडला.

मनिराम जरा घुटमळला. मग त्यानं मान नाही म्हणून हलवली.

"मोर! ... नवरदेव! ... बाजारातला अत्तरवाला!"

नाही. मनिराम उठला आणि पुन्हा पहिल्यापासून करून दाखवायला लागला, यावेळी सावकाश, नीट कळावं म्हणून.

"असा कोनी मानूस असते का गा?" कवडू चिडला. "नाई, पन पाहिलं आहे मी याले. कुठीतरी पाहिलं आहे." आणि आठवता आठवता त्यानं मान कलती करून केसांतून डावा हात फिरवला.

समोर मनिरामनंही फिरवला.

देवकाबाईला आता राहवेना. "अरे बावा, तूच तं आहेस तो!"

कवडूचा हात केसांतच राहिला. एकाचा रुसवा काढायला गेले आणि दुसऱ्याला रुसवून बसले, असं रुख्माला वाटलं.

"मी?" कवडूनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणी मान वर करीना. "दादा, मी असा चालतो?"

दिवाळीनंतर भावाशी हे त्याचं पहिलं वाक्य. मनिरामनं नुसती मान हलवली.

"तोंडानं सांग ना गा!"

मनिरामनं रुख्माकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम.

"बोल बाप्पा, बोल!" रुख्मा ओरडली. "झाला खेळ!"

मनिराम दोनदा खाकरला. "असा नाई चालत. याच्याहून जास्त चालतोस. मी हात राखून केलं. समजलं का नाई?"

कवडू तिरमिरत उठला. "साफ चुकीचं! मी मांगं पाहत नाई."

"पाहतोस."

"कधीच नाई पाहत!"

"चालून दाखव."

कवडू ताठ मानेनं निघाला. पाच-सहा पावलं अगदी सरळ गेला. दारापाशी पोचला, आणि आपण किती सरळ चाललो ते सगळ्यांनी पाहिलं की नाही म्हणून मागे वळला.

मग जो हशा झाला त्यानं गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. नंदाबाईनं भासऱ्याची लाज सोडून जमिनीवर लोळण घेतली. कवडू दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आधी त्याचं तोंड वाकडं झालं, मग तोही हसत हसत खाली बसला.

हसू ओसरल्यावर मनिराम शेंगा सोलत म्हणाला, "तू केलं ते बरोबर होतं गा. पन साऱ्या गावासमोर कायले केलंस? घरात कराचं होतं."

कवडू खाली पाहत म्हणाला, "घरात तू हासला नसतास. तिथं तं हासलास."

मनिरामनं शेंगेतले दाणे तोंडात टाकले. "हासलो खरा," तो चावता चावता म्हणाला. "लय हासलो."

शकुंतलाबाईनं त्याच्या मुठीतला तुकडा काढून कंदिलापुढे धरला. "हे का काढलं आहे वो रुख्माबाई? किटली?"

"कोंबडा आहे तो!" रुख्मा म्हणाली. "लहान्या दादानं तं पहिल्या झटक्यात ओळखला होता."

"मले तं कवडूच दिसला," मनिराम म्हणाला.

पुढचे दिवस रुख्माचं माहेरपण काही धड झालं नाही. साठलेलं सगळं बोलून काढायचं असल्यासारखे दोघं भाऊ सकाळपासून तोंडं वाजवत. बियाण्यावरून वाजलं, कालव्याच्या पाण्यावरून वाजलं, एकदा तर बैलाचं खरं वय किती यावर जेवणं थंड झाली. देवकाबाई म्हणाली, "रुख्मे, असा एखादा खेळ नाई का, ज्यात दोघं घडीभर चूप बसतीन?"

रुख्माला सासरी पोचवायला दोघंही निघाले. एकानं जायचं ठरलं होतं, पण कासरा कुणी धरायचा यावर एकमत झालं नाही. रुख्मा मधे बसली. तिला भावांना सांगायचं होतं, की सासरी पोचल्यावर सासऱ्यांजवळ दोन शब्द बोला, लगेच पाठ फिरवू नका. गाव सुटल्यापासून ती तोंड उघडायची संधी पाहत होती. तिरोड्याचं रेल्वेफाटक लागलं, मालगाडी येत होती म्हणून बंडी थांबली. आता तरी गप्प बसतील, असं तिला वाटलं. गाडी धडधडत जाऊ लागली, तशी दोघं आवाज चढवून बोलू लागले. कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं, तरी दोघं माना हलवत होते.

रुख्मानं आईनं दिलेलं तिळाच्या लाडवांचं फडकं सोडलं, एक लाडू काढला आणि गाडीचे डबे मोजत खात बसली.