वहीचं मागचं पान

रळियातबेननी गोरधनभाईंच्या हातातला पेन ड्राइव्ह घेतला, पदराच्या टोकात ठेवला आणि वर घट्ट गाठ मारली.

"परेश येईपर्यंत हा इथेच राहील," त्या म्हणाल्या.

गोरधनभाई ओटीवरच्या खाटेवर बसले होते. सुरतेहून पहिल्या बसनं निघून ते वढवाणला पोचले होते आणि अजून त्यांनी बुटांच्या नाड्याही सोडल्या नव्हत्या.

"बा, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या शाखेची वंशावळ तेवढी यात घालून द्या. कुलदेवीच्या देवळाचं पुस्तक उद्या छापायला जातंय. एवढ्याशा काडीला काय घाबरायचं?"

"एवढ्याशाच काडीनं जयंतभाई मास्तरांचं घर पेटलं. कॉम्प्युटरमधले मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. भाच्यानं अशीच एक आणून खुपसली होती."

"माझ्यात काही नाही हो."

"भाचाही हेच म्हणत होता."

आतल्या दारात उभ्या असलेल्या सुनेला, दक्षाला, हसू आलं. ते लपवायला ती पाणी आणायला वळली.

यजमान दारी येऊन वही उघडा म्हणाला, तर बारोटानं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्याची वंशावळ लिहून ठेवणाऱ्यानं, नाही म्हणायचं नसतं. रळियातबेनच्या सासऱ्यांनी एकशे तीन ताप असताना वही उघडली होती, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ऐकलं होतं. तेव्हा वही उघडणं म्हणजे अख्ख्या गावाचं काम असे. लाल कापडाची घडी सुटायची, पहिल्या पानाला कुंकू लागायचं, गूळ वाटला जायचा, आणि सासरे सात पिढ्या मागे जाऊन एकेक नाव गात गात पुढे यायचे. बायका डोक्यावरचा पदर सावरून आपल्या माहेरचं गाव कधी येतं याची वाट बघत असायच्या. ते आलं की एखादी हळूच डोळे पुसायची. रळियातबेन स्वतः कधी यजमानांच्या गावी गेल्या नाहीत. बारोटाची बायको जात नसे. पण नवऱ्याची नजर अधू झाली, तेव्हा घरी बसून वही वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. काना-मात्रा न देता लिहिलेली ती अक्षरं घराबाहेरच्या कुणाला कळू नयेत म्हणूनच तशी होती. मुलाला ती कधी लागली नाहीत. तो भावनगरला नोकरीला गेला.

मग एका पुरात वह्यांची पेटी भिजली. नंतर वाळवी लागली. त्यानंतर सहा वर्षं, रोज दुपारी दक्षा शाळेतून शिकवून आली की रळियातबेन वाचत आणि ती कॉम्प्युटरवर उतरवून घेई. अकरा गावं झाली. पेटीतल्या वह्या आता हात लावला की पापडासारख्या मोडत. होतं ते सगळं कोपऱ्यातल्या टेबलावर, मोरपंखी झालरीचं झाकण घातलेल्या त्या यंत्रात होतं.

परेश सोनी स्कूटरवरून आला. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पन्नाशी उलटली होती, पण केस आठवड्याला काळे होत. त्यानं व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामचे तीन डबे टेबलावर मांडले, लाल, हिरवा आणि निळा.

"यातल्या वह्यांची प्रत आहे का हो कुठे?" त्यानं आल्या आल्या दक्षाला विचारलं.

"एक डीव्हीडी आहे," दक्षा खाली बघत म्हणाली. "पाच गावांनंतर अडकते."

परेश चुकचुकला. मग विक्रेत्याचा आवाज काढून त्यानं लाल डबा पुढे सरकवला.

"बा, हा एकदम कडक. काही संशयास्पद दिसलं की विचारत बसत नाही. जागच्या जागी उडवतो."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही! तीच तर त्याची मजा आहे."

"मग नको. पुढचा."

"अहो बा, ऐकून तरी घ्या..."

"परेशभाई," दक्षा म्हणाली, "मागच्या दिवाळीत मासिकाबरोबर आलेली असलीच एक सीडी आम्ही घातली होती. आपल्या लिपीत टाइप करायचा प्रोग्राम त्यानं चोर ठरवून काढून टाकला. म्हणे, हा प्रत्येक कळ टिपतो. अहो, टाइप करायचं तर कळ टिपणारच ना? अख्खी वही इंग्रजी अक्षरांची भेळ झाली. मला रडू फुटलं."

"आणि बा?"

"बा म्हणाल्या, रडतेस काय, यजमानाला वही नेहमी अशीच दिसते."

गोरधनभाई मोठ्यानं हसले. रळियातबेन हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष हिरव्या डब्याकडे होतं.

"हा हलका आहे," परेश म्हणाला. "मशीन पळतं. शंका आली तर फाइल सरळ आपल्या कंपनीकडे पाठवतो. तिकडे मोठमोठे लोक तपासतात."

"तिकडे म्हणजे?"

"परदेशात."

"कुणाचं दत्तक, कुणाची दुसरी बायको, कुणाचं काय, अकरा गावांचं सगळं परदेशात?" रळियातबेननी डबा एका बोटानं दूर सारला. "वही उंबरा ओलांडते ती बारोटाबरोबर. टपालानं जात नाही."

"ते बंद करता येतं, बा."

"उघडं असतं म्हणूनच बंद करायचं ना? निळा काय करतो?"

परेशनं निळा डबा जरा नाराजीनंच उचलला. तो सगळ्यात कमी खपणारा असावा. "हा जुन्या पद्धतीचा. काही सापडलं तर एका कुलुपबंद जागी बाजूला ठेवतो आणि तुम्हाला विचारतो. पुसू का, परत जागेवर आणू? तुम्ही बोलेपर्यंत थांबतो. पण मशीन हळू होईल हं, आधीच सांगतो."

"किती दिवस थांबतो?"

"म्हणजे?"

"मी नाहीच बोलले, तर बाजूला ठेवलेलं किती दिवस सांभाळतो?"

परेशनं डब्याची मागची बाजू वाचली. मग आतलं माहितीपत्रक उघडून तेही वाचलं. "यात असं आहे की तुम्ही मुदत घालून दिली नाही, तर कायमचं."

"हाच घाल," रळियातबेन म्हणाल्या. "हळू तर मीही आहे."

निळा डबा आत जायला अर्धा तास लागला. शेवटी पडद्यावर एक चौकट आली. परेशनं खुर्ची वळवली.

"खातं उघडायचंय. उद्या परवलीचा शब्द विसरलात, तर ओळख पटवायला एक प्रश्न लागतो. असं उत्तर हवं, जे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसेल. हा घेऊ या, सगळे हाच घेतात. आईच्या माहेरचं आडनाव."

रळियातबेननी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अरे परेश, हे गुपित? तुझ्या आईचं माहेर पाटडी, झिंझुवाडिया. हे गोरधनभाई बसलेत, त्यांच्या आईचं माहेर सायला, ढोलरिया. हे आम्ही भर मांडवात गाऊन सांगतो! या कुलपाची किल्ली तर माझ्याच घरात आहे."

परेशचा हात कळीवरच राहिला. "माझ्या दुकानातून शंभर लोकांनी हेच उत्तर भरलंय," तो हळूच म्हणाला.

"मग शंभरांना बोलावून बदलायला सांग. आणि ऊठ तिथून. दक्षा, तूही तोंड फिरव."

त्या खुर्चीवर बसल्या आणि एका बोटानं, एकेक कळ शोधत, आपलं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं. कुणी बघत नाही याची खात्री करायला दोनदा मागे वळून पाहिलं. मगच पदराची गाठ सोडून पेन ड्राइव्ह परेशच्या हातात दिला.

तपासणी चालू असताना त्यांनी गोरधनभाईंना बूट काढायला लावून जेवायला वाढलं. बाजरीचा रोटला, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर वढवाणी मिरची. परेशनं घरून जेवून आलोय म्हणत दोन रोटले संपवले.

"पुस्तकात प्रत्येक शाखेला अर्धंच पान आहे," गोरधनभाई खाता खाता म्हणाले. "आमचं सोपं आहे. बापू, खाली आम्ही तिघे भाऊ, खाली मुलं. एवढंच छापायचं."

"तिघे भाऊ," रळियातबेन म्हणाल्या, आणि त्यांच्या वाटीत ताक ओतलं.

त्यांना गोरधनभाईंचे बापू, प्रेमजी पटेल, कधी दिसले नव्हते. पण एक्केचाळीस वर्षांपूर्वी देवळिया गावाहून परतलेला आपला नवरा त्यांना अजून दिसत होता. उन्हातून आला होता आणि डोक्याला यजमानाकडून दरवर्षी मिळणारी नवी पगडी नव्हती. प्रेमजींनी त्याला खाटेवर बसवलं नव्हतं. उभ्यानंच चाकू पुढे केला होता आणि वहीतलं एक नाव खरवडून काढायला सांगितलं होतं. "पटेल, बारोटाकडे लेखणी असते, चाकू नसतो," असं सांगून नवरा निघून आला होता. घरी आल्यावर त्यानं पाणीही मागितलं नाही. वहीचं शेवटचं पान उघडून काही लिहिलं आणि कापड बांधून टाकलं. देवळियाची पगडी पुढं कधी आली नाही.

कॉम्प्युटर टिणटिणला. परेश हात पुसत उठला.

"चार सापडले. चारही काडीत."

गोरधनभाईंचा चेहरा पडला. पाहुणा म्हणून आलेल्या घरात आपल्या अंगावरून ढेकूण निघावा, तसा. "नातवानं गाणी भरली होती," ते पुटपुटले.

"सगळ्यांच्यात असतात," परेश म्हणाला. "बा, बघा, बाजूला ठेवलेत आणि विचारतोय. काय करू?"

"ते पूस. ती घाणच आहे."

परेशनं पुसलं. गोरधनभाई चष्मा चढवून पडद्याजवळ आले.

"आणि परत आणा म्हटलं असतं तर?"

"तर जिथून उचललं, तिथेच नेऊन ठेवलं असतं." परेशनं उरलेले दोन डबे पिशवीत घातले. "बा, येत्या सोमवारी येतो आणि सगळ्याच्या दोन प्रती काढून देतो. एक या घरात ठेवायची नाही."

"तुझ्याकडेही नाही."

"माझ्याकडे नाहीच. तुम्हाला माझं सगळं खानदान ठाऊक आहे," परेश म्हणाला आणि स्कूटर सुरू करून गेला.

दक्षानं देवळियाचं पान उघडलं. प्रेमजी राघव. खाली गोरधन, वल्लभ, मावजी. ती नावं टाइप करून कितीतरी दिवस झाले होते, तरी तिचं बोट कळीवरून उचललं गेलं आणि तसंच राहिलं. सासूनं शेवटचं पान कोणत्या आवाजात वाचलं होतं, ते तिला आठवत असावं.

गोरधनभाईंनी स्वतःचं नाव वाचलं. भावांची वाचली. पुन्हा वर गेले आणि पुन्हा वाचली.

"एवढंच?"

"पुढच्या पानावर एवढंच," रळियातबेन म्हणाल्या. त्या खाटेच्या कडेवर बसून पदराच्या सोडलेल्या टोकाला पडलेली चुणी बोटानं सरळ करत होत्या.

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"बापू म्हणाले होते, बहिणीचं नाव बारोटानं खरवडून टाकलं."

"तुमच्या बापूंकडे चाकू होता, गोरधनभाई. आमच्याकडे नव्हता. त्या नावावर नुसती रेघ ओढून ते मागच्या पानावर ठेवलंय."

गोरधनभाईंनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना रुमाल सापडेना. शेवटी शर्टाच्या टोकानं पुसला.

"जिवंत आहे का ती? कुठे?"

"ते वहीत नाही. ज्याच्याबरोबर गेली, त्याचं गाव कुणी सांगितलंच नाही. वहीत जन्म आहे. मृत्यूची नोंद नाही."

"मागच्या पानावरचं पुढं कुणाला आणता येतं?"

"शाखेत सगळ्यात मोठं असेल त्याला."

"बापू तर गेले. भाऊ दोघेही धाकटे. म्हणजे मीच."

रळियातबेननी मान डोलावली. गोरधनभाई खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. परतीची बस चारची होती.

"पुस्तकात अर्धंच पान आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग दक्षाकडे वळले. "लिही बेटा. सविता प्रेमजी."

दक्षानं बाण सगळ्यात खाली, मावजीच्या नावाखाली नेला.

"तिथे नको," गोरधनभाई घाईनं म्हणाले. "ती माझ्याआधीची. मला बोट धरून शाळेत तीच न्यायची."

दक्षानं बाण वर नेला. प्रेमजींच्या लगेच खाली एक ओळ मोकळी झाली आणि तिन्ही भावांची नावं एकेक ओळ खाली सरकली. ती लिहीत असताना रळियातबेन ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. सासरे म्हणत, त्याच चालीत.

"नावापुढे सासरचं गाव लागतं," दक्षा म्हणाली. "तिथे काय लिहू?"

गोरधनभाईंनी दाराशी जाऊन बूट चढवले आणि खाली वाकून नाड्या आवळल्या. तेवढ्यात त्यांचं काही ठरलं असावं, कारण ते उभे राहिले तेव्हा त्यांनी पेन ड्राइव्हकडे पाहिलंही नाही.

"जागा रिकामी ठेव," ते म्हणाले. "मी तिलाच शोधून, विचारून येतो."